‘क’ दर्जाच्या तबकड्या

रिबका पाटोळे हिनं आयुष्यात थाप अशी एकच मारली होती. पण ती चोवीस वर्षं न चुकता चालू ठेवली होती. दर नाताळला ती शांतवन मास्तरांकडे केक घेऊन जायची. मास्तर चहाचा कप खाली ठेवायचे आणि विचारायचे, “आमची ट्रंक बरी आहे ना गं?” रिबका म्हणायची, “बरी आहे की, मास्तर. तिला काय होतंय!”

ट्रंक खरंच बरी होती. मिरजेच्या ‘मुक्तध्वनी’ संग्रहालयात रिबकाच्या टेबलाखाली ती हिरवी पत्र्याची ट्रंक होती, आणि तिच्यात पुसायची मऊ फडकी ठेवलेली होती. ट्रंकेतून आलेल्या एक्केचाळीस तबकड्या मात्र केव्हाच गेल्या होत्या. त्या घालवणारी रिबकाच होती.

मुक्तध्वनीचं काम साधं होतं. ध्वनिमुद्रण प्रसिद्ध होऊन साठ वर्षं उलटली की त्यावर कुणाचा हक्क राहत नाही. ते सगळ्यांचं होतं. अशा जुन्या तबकड्या देशभरातून इथे यायच्या. नाताळगीतं, प्रार्थनागीतं, पलटणींच्या बँडवरची कूचगीतं, तीन मिनिटांत बसवलेले ख्याल. त्या धुवायच्या, यंत्रानं वाचायच्या आणि जगातल्या कुणालाही फुकट ऐकता येतील अशा इंटरनेटवर ठेवून द्यायच्या. एका गाण्याच्या दहा-दहा प्रती येत. त्यांतली कुठली ठेवायची हे रिबका ठरवायची. चकचकीत काळी ती ‘अ’. थोडे ओरखडे असलेली ‘ब’. वाजवून वाजवून राखाडी पडलेली ‘क’. ‘अ’ फडताळात, ‘ब’ माळ्यावर, ‘क’ पोत्यात. हा नियम तिनंच केला होता आणि त्याचा तिला अभिमान होता. पोतं भरलं की ते सतारमेकर गल्लीत दस्तगीरभाईंकडे जायचं. ते तबकड्या स्पिरिटात विरघळवून लाख काढायचे आणि तंबोऱ्याच्या भोपळ्यांच्या भेगा बुजवायचे.

मास्तरांची ट्रंक आली ती २०१९ साली. मिरजेपासून पंधरा किलोमीटरवरची मिशनची शाळा बंद पडली, तेव्हा जुने हेडमास्तर म्हणून शांतवन उजागरे स्वतः रिक्षातून ती घेऊन आले. शाळेत रोज सकाळी प्रार्थनेला याच तबकड्या लागायच्या. “खरं म्हणजे ही ट्रंक तुझ्या आप्पांची,” ते म्हणाले होते. रिबकाला तेव्हा कानकोंडं झालं होतं. तिचे आप्पा, याकोब पाटोळे, त्या शाळेत शिपाई होते. घंटा द्यायची, झाडायचं, आणि सकाळी ग्रामोफोनला चावी द्यायची. वाटेल तेवढं काम करतील, पण बोलायला लागले की शब्द अडायचा. इतका अडायचा, की समोरच्याला घाम फुटे. सगळ्यात वैरी होता ‘म’. त्यामुळे मास्तरांना ते कायम ‘सर’ म्हणत. लेकीचं नावही धड निघत नसे. पोरं रिबकाच्या मागे “रि-रि-रि” करत पळायची. ती बारा वर्षांची असताना एकदा रडून आप्पांना म्हणाली होती, “शाळेत मला हाक मारू नका.” त्यानंतर आप्पांनी आवारात तिला कधी हाक मारली नाही. लांबून दोन टाळ्या वाजवायचे.

त्यामुळे ट्रंक उघडली तेव्हा रिबकाला तबकड्या दिसल्याच नाहीत, दिसली ती प्रार्थनेची रांग. एक्केचाळीसच्या एक्केचाळीस तबकड्या राखाडी पडलेल्या. प्रत्येक गाण्याची ‘अ’ प्रत फडताळात होतीच. तिनं नियम लावला. नियम बरोबरच होता, फक्त त्या दिवशी तो लावताना हात जरा जास्तच चटकन चालला, हे तिचं तिला ठाऊक होतं.

आणि आता, २०४३च्या जुलैत, संग्रहालयात झीजवाचक आला, तबकड्यांची झीज वाचणारं यंत्र.

दिसायला तो शिवणयंत्राएवढाच. तो चालवायला आलेली केतकी बुरांडे सांगलीचीच, भौतिकशास्त्राची डॉक्टर, आणि बोलायला लागली की गाडीला ब्रेक नाही.

“पाटोळेबाई, ग्रामोफोनचा कर्णा दोन्ही बाजूंनी चालतो, हे कुणी लक्षातच घेतलं नव्हतं बघा,” ती म्हणाली. “सुई खाचेतून जाते, थरथरते, पडदा हलतो, कर्ण्यातून गाणं बाहेर येतं. बरोबर? पण कर्ण्यासमोर कुणी गायलं, तर तो आवाज उलट आत जाणार. पडद्याला हलवणार, सुईला डिवचणार. सुई खाचेच्या भिंतीला त्या क्षणी किंचित जास्त घासणार.”

“किंचित म्हणजे किती?”

“केसाच्या जाडीचे लाखभर भाग केले, तर त्यातले दोन-चार. तेसुद्धा एका वेळेला नाही. एकदा गायलेलं पुढच्या वेळी पुसलं जातं. बोललेलंही राहत नाही, कारण माणूस आज एक बोलतो, उद्या दुसरं. पण तबकडीबरोबर रोज तेच गाणं, त्याच जागी म्हटलं, तर ठशावर ठसा पडत जातो. माळावर पायवाट पडते तशी. यंत्राचा वेग कमी-जास्त झाला तरी हरकत नाही. गाणारा तबकडीच्याच मागून जात असतो. म्हणजे आम्हाला सापडतो तो कुठल्या एका दिवसाचा आवाज नाही. शेकडो दिवसांची ती गोळाबेरीज आहे.”

“आणि मूळ गाण्यातून तो वेगळा कसा काढता?”

“इथंच तुमचे उपकार आहेत!” केतकी हसली. “तीच तबकडी, पण कोरी, लागते. तुमच्या ‘अ’ प्रतींशिवाय आम्ही आंधळे आहोत. घासलेलीतून कोरी वजा केली की उरते झीज. झिजेतून सुईची नेहमीची घासण वजा केली की उरतात ती माणसं.”

तिनं नमुना ऐकवला. कोल्हापूरच्या एका घरातून आलेली ख्यालाची तबकडी. गवयाचा आवाज हळूहळू विरत गेला, तबला गेला, सारंगी गेली. आणि खालून, पाटावर बसून कुणी गावं तसा, एका बाईचा आवाज वर आला. ताना तिला झेपत नव्हत्या. समेवर मात्र बरोबर यायची. “त्या घरातल्या आत्या,” केतकी म्हणाली. “त्यांना गाणं शिकू दिलं नव्हतं. घरच्यांना पत्ताच नव्हता की त्या रोज दुपारी फोनोपाशी बसतात.”

रिबकाच्या हातातलं फडकं खाली पडलं. “म्हणजे जी तबकडी जास्त घासलेली, तिच्यात...”

“तिच्यात जास्त माणसं. आम्हाला हव्यात त्या ‘क’ दर्जाच्या. तुमच्याकडच्या कुठं ठेवल्यात?”

रिबका खाली वाकली आणि पडलेलं फडकं उचलून त्याची घडी घालत बसली.

या यंत्राची बातमी संध्याकाळपर्यंत सगळीकडे गेली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तरांचा फोन आला. मास्तर त्र्याण्णव वर्षांचे. दोन्ही कानांत नवी यंत्रं, डोकं लख्ख, हृदय मात्र आता राजीनामा द्यायच्या बेतात.

“रिबका, सलाम. अगं, ती ट्रंक काढ.”

“मास्तर...”

“मार्था त्यात असणार! रोज प्रार्थना तीच तर घ्यायची. पंचवीस वर्षं. माझ्याकडे तिचा एक फोटो आहे, बघ, पण आवाज नाही. कोण करून ठेवत होतं तेव्हा? मी सकाळी उठतो आणि तिचा आवाज आठवायला बसतो. आता येतच नाही. शब्द येतात, आवाज येत नाही.” मास्तर थांबले. धाप लागली होती. “डॉक्टर नाताळपर्यंतचं काही बोलत नाही. तेव्हा जरा लवकर बघ. आणि हे बघ, तू त्या तबकड्या सांभाळल्यास म्हणून हे होतंय. देव तुझं भलं करो.”

रिबकानं फोन ठेवला आणि टेबलाखालची ट्रंक पायानं आणखी आत सारली. मास्तरांनी शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

मास्तरांच्या दिवंगत पत्नी, शाळेच्या मार्थाबाई, तिला स्वच्छ आठवत होत्या. सुती पातळ, कपाळावर आठी, आणि आठीच्या खाली हसू. इंग्रजी नाताळगीतांना त्यांनी स्वतः मराठी शब्द बसवले होते, आणि प्रार्थनेला तबकडी लागली की पोरं तेच शब्द म्हणायची. शाळेत हार्मोनियमही होती, आणि बाई ती सुरेख वाजवत अशी ख्याती होती. पण ती पोरांनी कधी ऐकली नाही. “भाता फाटलाय तिचा,” बाई म्हणायच्या. “दुरुस्त करू पुढच्या वर्षी.” ते पुढचं वर्ष आलं नाही, आणि सकाळची प्रार्थना कायम ग्रामोफोनवरच झाली. उन्हाळा, पावसाळा, वीज असो-नसो, आप्पा चावी द्यायला हजर.

त्याच दुपारी ती सतारमेकर गल्लीत गेली. दस्तगीरभाई उंबऱ्याशी बसून तंबोऱ्याची तारांखालची घोडी घासत होते. वय सत्तर, हात अजून स्थिर.

“या की बाई. बसा. आज पोतं न्हाई आणलं?”

“दस्तगीरभाई, चोवीस वर्षांमागं एक पोतं दिलं होतं मी. एक्केचाळीस रेकॉर्डी. मिशन शाळेच्या.”

दस्तगीरभाईंनी घोडी खाली ठेवली. “अहो, त्या आता कुठल्या! विरघळवल्या, गाळल्या, भेगांत घातल्या. तुमची गाणी आता पार कुठं कुठं तंबोऱ्यात जाऊन बसली असतील. का हो? झालं काय?”

रिबकानं झालं ते सांगितलं. थापेसकट सांगितलं. दस्तगीरभाई मान हलवत ऐकत राहिले. मग म्हणाले, “मार्थाबाईंची शाळा म्हणजे ती हार्मोनियमवाली? माझ्या वडलांनी बघितली होती ती पेटी. बाईंनी बोलावलं होतं, पॉलिश करायला.”

“भाता फाटलेली.”

“भाता? छे! भाता कशाला फाटतोय. अब्बा घरी येऊन म्हणाले, एवढं चांगलं वाद्य, अन् बाई म्हणतात याला कापड शिवून बंद करून ठेवा. त्यांना कोडंच पडलं होतं.”

रिबकाचं त्या बोलण्याकडे लक्ष नव्हतं. तिचे डोळे भिंतीवर खिळले होते. करवती, कानस, तारांची भेंडोळी, आणि या सगळ्यांच्या मधोमध एका खिळ्याला, मधल्या भोकातून अडकवलेली, दहा इंची राखाडी तबकडी.

“हे काय?”

“हा तर माझा फर्मा. भोपळ्याचं तोंड कापायचं तर गोल आखायला काहीतरी पायजे ना. ही बसवायची अन् कडेनं चाकूचं टोक फिरवायचं. आता यंत्र कापतं, पण आखतो मी हिच्यावरच.” मग ते स्वतःच उठून उभे राहिले. “थांबा. ही तुमच्याच पोत्यातली. सगळ्यांत सपाट होती म्हणून काढून ठेवलेली.”

लेबल कधीच उडालं होतं. कड चाकूनं कुरतडलेली होती. रिबकानं तबकडी खिडकीशी नेऊन तिरकी धरली. लेबलाच्या जागेच्या कडेला, जिथं खाच संपते तिथं कोरलेला क्रमांक तिला वाचता आला. असे हजारो क्रमांक तिला पाठ होते. एका बाजूला नाताळगीत, दुसऱ्या बाजूला पलटणीचं कूचगीत. प्रार्थना झाली की पोरं त्याच्यावर पावलं टाकत वर्गात जायची.

“मला ही द्याल?” तिनं विचारलं. “तुमचं माप आहे, मला कळतंय.”

“तुमचीच वस्तू, अन् मला विचारता?” दस्तगीरभाई म्हणाले. “फकस्त थोडं थांबा.” त्यांनी एक प्लायवूडचा तुकडा घेतला, तबकडी त्याच्यावर ठेवली आणि पेन्सिलीनं तिचा गोल अगदी सावकाश उतरवून घेतला. चोवीस वर्षांचे त्यांचे सगळे तंबोरे त्या एका मापाचे होते. मग त्यांनी तबकडी आपल्या धुतलेल्या पंच्यात गुंडाळून दोन्ही हातांनी रिबकाला दिली. तिला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं. ती नुसतं “उपकार झाले” एवढंच म्हणू शकली.

केतकीनं तबकडी सूक्ष्मदर्शकाखाली घेतली आणि शीळ घातली. “बाई, हिच्यावर पोलादी सुई चाललेलीच नाही! खाच घासलीये, पण फाटली नाहीये. कशानं वाजवत होते?”

रिबकाला रविवारची दुपार आठवली. पायरीवर बसलेले आप्पा, समोर बाभळीचे काटे, हातात दाढीचं पातं. सुया मिळेनाशा झाल्या तेव्हा त्यांनी हा उद्योग काढला होता. काटे चुलीवर डब्यात वाळवायचे, टोक तिरकं कापायचं, आठवड्याचे सहा करून ठेवायचे. पोरं त्यालाही हसायची.

“काट्यानं,” ती म्हणाली. “बाभळीच्या.”

“कोण होता हो हा माणूस? त्याच्यामुळे हे वाचणार आहे.”

रिबकानं फडताळातून त्याच गाण्याची ‘अ’ प्रत काढून तिच्यापुढे ठेवली.

यंत्राला अकरा तास लागले. कड गेल्यामुळे पहिलं कडवं मिळणार नव्हतं. दुसऱ्यापासून पुढचं होतं. फडताळातली ‘अ’ प्रत वजा झाली. बँड गेला, परदेशी गायकांचा ताफा गेला. मग वर आली ती पोरं. पण वेगवेगळी ओळखू येतील अशी नाहीत. दर वर्षी पोरं बदललेली, त्यामुळे नुसती एक उबदार गुणगुण, झाडावर पाखरं असावीत अशी. रिबका पुढे वाकली. आता मार्थाबाई. गुणगुणीच्या पार मागे एक बाईचा सूर असल्यासारखा वाटला आणि हरवला. केतकीनं आकडे बदलून पाहिले, पुन्हा बदलून पाहिले.

“बाई लांब उभ्या असणार,” ती म्हणाली. “पोरांकडे तोंड, कर्ण्याकडे पाठ. त्यांचा ठसा पडलाच नाही फारसा.”

रिबकानं डोळे मिटले. एकच तबकडी, तीही मिळाली, आणि मास्तरांना द्यायला तिच्यात काही नाही.

“पण इथं दुसरं कोणीतरी आहे,” केतकी म्हणाली. “खूप जवळ. कर्ण्याला कान लावल्यासारखं.”

आणि आवाज आला. पुरुषाचा. जाड, शांत, गावाकडचा, कुठंही न अडता.

थंडी पडली माळावरी, मेंढरं निजली सारी...

सूर पक्का होता. शब्दांवर प्रेम होतं, प्रत्येक शब्द माणूस चवीनं उच्चारत होता. रिबकानं तो आवाज उभ्या आयुष्यात ऐकला नव्हता.

“हे कोण?” तिनं विचारलं.

“मीच तुम्हाला विचारणार होते. हे ऐका, इथं गंमत आहे.” तिसऱ्या कडव्याच्या सुरुवातीला आवाजाला धक्के बसायला लागले. गाणं सुटत नव्हतं, पण दर शब्दाला खांद्यातून जोर यावा तसा हिसका. एक, दोन, तीन... बारा हिसके. मग पुन्हा शांत. “प्रत्येक वेळी हे याच जागी होतं. गाता गाता हा माणूस काहीतरी जोरानं फिरवतोय.”

स्प्रिंग म्हातारी झाली होती त्या ग्रामोफोनची. गाण्याच्या मध्यात मरगळायची. मग चावीला बारा फेरे द्यावे लागायचे. रांगेत उभं राहून रिबकानं ते फेरे मोजले होते, रोज मोजले होते, आज तरी आप्पांची फजिती होऊ नये म्हणून.

“थांबव,” ती म्हणाली. आणि लगेच, “नको, थांबवू नकोस.”

मेंढरं, म्हणत होते आप्पा. माळावरी. मरिया. तो वैरी ‘म’ एकदाही आडवा आला नाही. ज्या माणसाला लेकीचं नाव घेताना गुदमरायला व्हायचं, तो पुऱ्या शाळेसमोर पंचवीस वर्षं मोकळ्या गळ्यानं गात होता. आणि एवढ्या कल्लोळात, लेकीसकट, कुणाला ऐकू आला नव्हता. रिबका टेबलावर डोकं ठेवून रडली. केतकीला काही कळलं नाही, पण तिनं पाण्याचा पेला पुढे सरकवला आणि बोलणं बंद केलं, हे तिच्या दृष्टीनं फारच झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला दोघी मास्तरांकडे गेल्या. चर्चच्या मागच्या बाजूला त्यांचं दोन खोल्यांचं घर. मास्तर पांढरा सदरा घालून, दाढी करून, खुर्चीत ताठ बसले होते. मांडीवर मार्थाबाईंचा फोटो होता.

रिबका खुर्चीवर बसली नाही. “मास्तर, आधी मला बोलू द्या,” ती म्हणाली. “तुमची ट्रंक मी सांभाळली नाही. सगळ्या एक्केचाळीस तबकड्या मी भंगारात दिल्या. ज्या महिन्यात आल्या त्याच महिन्यात. एक उरली, तीही माझ्यामुळे नाही. चोवीस वर्षं मी तुम्हाला फसवलं. आणि त्या उरलेल्या तबकडीत बाई नाहीत. त्या लांब उभ्या होत्या. माझे आप्पा आहेत तिच्यात. तुम्ही ज्याची वाट बघत होता ते मी आणलेलं नाही.”

मास्तर फोटोकडे पाहत राहिले. कानातलं यंत्र त्यांनी उगाच एकदा बोटानं चाचपलं. त्यांच्या चेहऱ्यावरून काहीतरी उतरून गेलं आणि ते पाहणं रिबकाला जड गेलं.

“लाव,” ते शेवटी म्हणाले. “याकोबला तरी ऐकू.”

केतकीनं लावलं. मास्तरांनी डोळे मिटून घेतले. तिसऱ्या कडव्यात हिसके सुरू झाले तसे ते हसायला लागले. आवाज न करता, अंग हलवून हसत होते, आणि गालांवरून पाणी वाहत होतं.

“मार्था म्हणायचीच,” ते म्हणाले. “ती म्हणायची, हा माणूस आपल्या शाळेतला सगळ्यात चांगला गाणारा आहे.”

“बाईंना माहीत होतं?”

“तिलाच तर माहीत होतं! अगं, चौऱ्याहत्तर साली तो नोकरीला आला, तेव्हा मुलाखतीत त्याला स्वतःचं नाव सांगता येईना. कमिटी म्हणाली, नको. मार्था बाहेर आली तर हा पठ्ठ्या व्हरांडा पुसत, खाली मान घालून गात होता. एक शब्द अडेना. तिनं कमिटीशी भांडून त्याला घेतला. पण माणसांसमोर तो तोंड उघडेना. मग तिनं डोकं लढवलं. म्हणाली, मोठ्या आवाजाच्या मागे उभं केलं तर गाईल. पोरं गातायत, फोनो ओरडतोय, आपल्याकडे कुणाचं लक्ष नाही, असं वाटलं तर गाईल. रोज पाच मिनिटं तरी त्या माणसाची जीभ मोकळी होऊ दे.”

रिबकाला दस्तगीरभाईंचा शब्द आठवला. तिनं सावकाश विचारलं, “म्हणजे हार्मोनियम...”

“काही झालं नव्हतं तिला. ठणठणीत होती.” मास्तरांनी फोटो उचलून छातीशी धरला. “मार्थाचा जीव होता गं त्या वाद्यात. लग्नात माहेराहून आणलेली. पण हार्मोनियम वाजली तर फोनोची गरज काय, आणि फोनो नसेल तर याकोब कुठं उभा राहणार? तिनं ती कापडात शिवून टाकली. इन्स्पेक्टरांनी विचारलं, पाद्रीसाहेबांनी विचारलं, भाता फाटलाय. मीही तेच सांगायचो. पंचवीस वर्षं.”

बाहेर कुणाचीतरी रिक्षा हळूच थांबली आणि निघून गेली.

“मी तुम्हाला बाई आणून दिल्या नाहीत,” रिबका म्हणाली.

“कोण म्हणतं?” मास्तर म्हणाले. “मला वाटत होतं, तिचा आवाज विसरलो म्हणजे ती गेली. हे काय आहे मग? हा माणूस गातोय ते कुणामुळे गातोय? प्रत्येक शब्द तिनं लिहिलेला आणि प्रत्येक सकाळ तिनं सोडलेली. अगं, एवढी स्पष्ट तर ती मला कधी ऐकू आली नव्हती.” त्यांनी रिबकाचा हात धरला. पकड अजून जुन्या हेडमास्तरांची होती. “आणि थापेचं म्हणशील तर तू चोवीस वर्षं मला फसवलंस, मी पंचवीस वर्षं तुझ्या आप्पांना. माझंच एक वर्ष जास्त आहे. गप्प बस आणि परत लाव.”

परत लावलं. या वेळी मास्तरही गुणगुणू लागले, फाटक्या आवाजात. रिबका आयुष्यात कधी चर्चमध्येसुद्धा मोठ्यानं गायली नव्हती. तिसरं कडवं आलं, हिसके सुरू झाले, आणि तिचा उजवा हात मांडीवर आपोआप गोल फिरायला लागला. सातव्या फेऱ्याला तिनं तोंड उघडलं. आप्पा खालच्या सप्तकात, ती वरच्या. बाराव्या फेऱ्याला तिचा आवाज मोकळा झाला होता. गाणं संपलं तेव्हा तिनं डोळे पुसले आणि कुणाला काही कळायच्या आत दोन टाळ्या वाजवल्या.

संध्याकाळी मुक्तध्वनीत केतकी नोंद करायला बसली. नाताळगीताचं मूळ ध्वनिमुद्रण सगळ्यांचं होतंच. हा आवाजही सगळ्यांसाठी खुला करायचा, अशी लेखी परवानगी रिबकानं मुलगी म्हणून दिली होती. कुठंतरी एखादं शब्द अडणारं पोर हे लावेल आणि याच्या मागे लपून गाईल, एवढं तिला पुरे होतं.

“गायक?”

“याकोब पाटोळे. शिपाई.”

“शब्द?”

“मार्था उजागरे.”

“सुई?” केतकीनं स्वतःच लिहिलं, ‘बाभळीचा काटा’. “तबकडी कुणाकडून?”

“दस्तगीर सतारमेकर यांच्याकडून. सप्रेम भेट, असं घाल. आणि हार्मोनियम लिही.”

“हार्मोनियम? बाई, यात हार्मोनियम कुठाय?”

“लिही तर. हार्मोनियम, मार्था उजागरे.” रिबका टेबलाखालची ट्रंक बाहेर ओढत होती. तिनं सगळी फडकी काढून खुर्चीवर ठेवली, तळ पुसला, आणि पंच्यात गुंडाळलेली ती एकच तबकडी आत नीट निजवली. मग झाकण लावून ती सरळ उभी राहिली. “आणि पुढं कंसात लिही, ‘वाजवली नाही’.”